साबुदाण्याएवढी ज्योत

पेट्रोल जळत नाही. डिझेल, रॉकेल, थिनर, समईतलं तेल, यांतलं काहीच जळत नाही. लग्नाच्या पंगतीत शेजारच्या पाहुण्यांना एवढंच सांगावं आणि मठ्ठ्याची वाटी तोंडाला लावावी. जिलबी येईपर्यंत वाद पुरतो. जळते ती वाफ. द्रवाच्या अंगावरून उठलेली, हवेत मिसळलेली, डोळ्यांना न दिसणारी. खालचा द्रव नुसता पुरवठादार. मायकेल फॅरडे लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये नाताळात मुलांसाठी मेणबत्तीवर व्याख्यानं द्यायचा. त्यात तो मेणबत्ती अलगद विझवून तिच्या वातीवरून उठणाऱ्या वाफेला वरच्या वर पेटती काडी दाखवायचा, आणि ज्योत त्या वाफेतून खाली धावत जाऊन वातीवर बसायची. काडीची आणि वातीची गाठच पडलेली नसायची. आपल्या आरतीच्या तबकातला कापूरही याच नियमाने वागतो. त्याची वाफ होते, वाफ जळते आणि आपण टाळ्या वाजवतो.

बरं, वाफ आहे म्हणजे ती पेटेलच असंही नाही. हवेत ती फार कमी असली तर पेटत नाही आणि फार जास्त असली तरीही पेटत नाही. पेट्रोलच्या वाफेला साधारण दीड ते साडेसात टक्के एवढंच प्रमाण मानवतं. त्यामुळे एखादं रसायन किती धोक्याचं हे ठरवताना ‘पेटतं का?’ हा प्रश्न कुचकामी. विचारायचं ते असं, की किती तापमानाला याच्यावर पेटण्यापुरती वाफ जमते? त्या तापमानाला कारखान्यात, गोदामात, ट्रकच्या कागदपत्रांत सगळे फ्लॅश पॉइंट म्हणतात आणि घाईत असले की नुसतं फ्लॅश. “मॅडम, आमचा फ्लॅश झाला का?” हा प्रश्न फोनवर मोठ्याने विचारणारे लोक मी आयुष्यभर ऐकले. पुण्याजवळच्या औद्योगिक पट्ट्यात एका छोट्या तपासणी प्रयोगशाळेत माझी नोकरी गेली, आणि द्रव पदार्थांना ज्योत दाखवून ते कधी भपकतात हे बघणं हा त्या नोकरीचा बराच मोठा भाग होता. नातेवाइकांना मी ‘केमिस्ट’ एवढंच सांगत असे. मग ते मला डोकेदुखीवरच्या गोळ्या विचारत.

या फ्लॅशचा मान राखायचा असतो. ज्योत दाखवल्यावर वाफेने एकदाच, क्षणभर, सगळ्या पृष्ठभागावर पेट घ्यायचा आणि विझून जायचं. किमान पाच सेकंद पेटून राहिलं तर ते तापमान निराळं. त्याला फायर पॉइंट म्हणतात आणि ते थोडं वरचं असतं. काडी न दाखवता आपलं आपण पेटण्याचं तापमान आणखी तिसरंच. पेट्रोलचा फ्लॅश उणे ४० अंशांच्या आसपास, म्हणजे लेहच्या हिवाळ्यातही ते ज्योतीसाठी तयारच. पण आपणहून पेटायला त्याला अडीचशेच्या आसपास जावं लागतं. कार्बन डायसल्फाइड या दुसऱ्या टोकाच्या द्रवाला शंभर अंशही लागत नाहीत, वाफेच्या गरम पाइपाला लागलं तरी पुरतं. ते आमच्याकडे आलं की मोठे साहेब त्या दिवशी रजेवर असत, असा माझा संशय आहे.

परीक्षेचं उपकरण पाहिलं तर कुणाचाही विश्वास बसणार नाही की जागतिक व्यापार याच्या शब्दावर चालतो. पितळेचं एक भांडं, त्यावर घट्ट झाकण, झाकणात थर्मामीटर, एक ढवळणी आणि एक सरकती खिडकी. मूठ फिरवली की खिडकी उघडते, चिमुकली ज्योत आत डोकावते आणि परत येते. पेन्स्की आणि मार्टेन्स या दोन जर्मनांच्या नावाने ते ओळखलं जातं. यांतला मार्टेन्स मुळात धातूंचा माणूस. पोलादाच्या एका अतिकडक रूपाला त्याच्यावरूनच मार्टेनसाइट म्हणतात. पोलादाचा हा जाणकार वाफेच्या क्षणभराच्या भपक्यालाही आपलं नाव चिकटवून गेला, याचं मला कायम अप्रूप वाटत आलं आहे.

भांड्यात आतल्या खुणेपर्यंत ७५ मिलिलीटर द्रव घालायचा. मिनिटाला पाच ते सहा अंश एवढ्याच वेगाने तापवायचा. ढवळणी मिनिटाला ९० ते १२० फेरे. प्रत्येक अंशाला ढवळणं थांबवायचं, खिडकी उघडायची, ज्योत दाखवायची, बंद करायची, पुन्हा ढवळायला लागायचं. ज्योतीचा आकार मानकात ३.२ ते ४.८ मिलिमीटर असा दिलेला आहे आणि ताडून बघायला काही उपकरणांच्या झाकणावर छोटा पांढरा मणी बसवलेला असतो. आमच्याकडे मात्र प्रयोगशाळेतले मामा प्रत्येक नव्या पोराला सांगत, “साबुदाण्याएवढी ठेवायची. कोरडा साबुदाणा. भिजवलेला नव्हे.” मानक लिहिणाऱ्या समित्यांना इतकं नेमकं वाक्य सुचलेलं नाही.

झुळूक तर अजिबात चालत नाही. मे महिन्यात पंखा बंद, एसीचं तोंड भिंतीकडे, खिडकीला पुठ्ठा. अंधार हवाच, कारण फ्लॅश उजेडात नीट दिसत नाही. त्या काळोख्या, कोंदट खोलीत घामाने निथळत आम्ही द्रवाला मिनिटाला पाच अंश तापवत बसायचो आणि स्वतः किती वेगाने तापतोय याची नोंद कुठल्याही रजिस्टरला नसायची. नवा मुलगा असला की पन्नाशीतच ओरडायचा, “आला!” आलेला नसायचा. खरा फ्लॅश जवळ आला की ज्योतीभोवती निळसर वलय दिसायला लागतं, ज्योत जरा फुगते. तिकडे लक्ष द्यायचं नाही असं मानकातच लिहून ठेवलं आहे. पृष्ठभागभर धावणारा भपका दिसला तरच लिहायचं. काही द्रव हे वलय दहा-दहा अंश दाखवत राहतात. एक क्लोरीनयुक्त मिश्रण तर इतका वेळ निळं निळं करत बसलं की मामांनी डबा आणून जेवून घेतलं.

या परीक्षेतली मला सगळ्यात आवडणारी अट वेगळीच आहे. ज्योत दाखवायला सुरुवात करायची ती अपेक्षित फ्लॅशच्या २३ अंश अलीकडून, पाच इकडेतिकडे चालतील. पहिल्याच वेळी भपका आला तर तो निकाल बाद. भांडं रिकामं करा, नवा नमुना घ्या, आणखी खालून सुरू करा. म्हणजे उत्तर काय येणार हे आधी माहीत असल्याशिवाय गणित सोडवायला घेताच येत नाही. कारण सरळ आहे. प्रत्येक वेळी खिडकी उघडली की थोडी वाफ निसटते, थोडी ज्योतीपाशी जळून जाते. किती वेळा उघडली यावर निकाल हलतो. तरीही नोकरीच्या सुरुवातीला हे वाचलं तेव्हा मी सिनियरांना विचारलं होतं, “अपेक्षित किती ते आधी माहीत असेल तर करायचंच कशाला?” ते म्हणाले, “लग्न ठरवताना पत्रिका बघतात ना, तसंच.” मी पुढे विचारलं नाही.

झाकणाचं राजकारण मला फार उशिरा कळलं. उघड्या भांड्यात द्रव तापवला तर वाफ इकडेतिकडे पांगते आणि फ्लॅश वरचा येतो. झाकलेल्या भांड्यात ती कोंडली जाते आणि फ्लॅश खालचा येतो. द्रव तोच. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडच्या घराघरांत रॉकेलचे दिवे आले आणि त्यांच्याबरोबर स्फोटही आले. मोटारी अजून जन्माला यायच्या होत्या, त्यामुळे नॅफ्थासारख्या हलक्या, चटकन उडणाऱ्या भागाला भाव नव्हता. व्यापारी तो रॉकेलमध्ये ढकलायचे आणि संध्याकाळी कुणाच्या तरी घरातला दिवा फुटायचा. मग कायदा आला. उघड्या भांड्यात १०० अंश फॅरनहाइटच्या खाली भपकणारं तेल धोक्याचं. पण उघड्या भांड्यावर प्रत्येक तपासनीसाचा आकडा वेगळा यायचा आणि भांडणं कोर्टात जायची. ती सोडवायला सर फ्रेडरिक एबल यांना बोलावलं गेलं. एबल हे युद्धखात्याचे रसायनतज्ज्ञ. बंदुकीच्या कापसावर त्यांनी आयुष्य काढलं होतं आणि पुढे कॉर्डाइट ही बिनधुराची दारू त्यांनी ड्यूअरबरोबर बनवली. त्यांनी झाकणाचं भांडं तयार केलं. त्यात खिडकी किती वेळ उघडी ठेवायची हेसुद्धा नेमून दिलं होतं: दोन फुटी दोरीला बांधलेलं वजन झोके घेत असताना तीन झोके होईपर्यंत उघडी, चौथ्याला बंद. लंबक असलेला कायदा मला तरी दुसरा ठाऊक नाही.

१८७९ साली हे भांडं कायद्यात गेलं, आणि त्याबरोबर १०० ची मर्यादा ७३ फॅरनहाइटवर आली. म्हणजे कायदा कडक झाला का? छे. उघड्या भांड्यातले १०० आणि एबलच्या झाकलेल्या भांड्यातले ७३ सारखेच, असं ठरवून घेतलं होतं. तेलाचा एक थेंबही न बदलता भांडं बदललं आणि आकडा २७ अंशांनी खाली आला. व्यापाऱ्यांचं काही बिघडलं नाही.

हे ७३ फॅरनहाइट म्हणजे सेल्सिअसमध्ये २२.८. आता आपल्या १९३४ च्या पेट्रोलियम कायद्याचे आजचे वर्ग बघा: २३ अंशांच्या खाली फ्लॅश असेल तर ‘अ’, २३ ते ६५ ‘ब’, ६५ ते ९३ ‘क’. रसायनांच्या वर्गीकरणाची आंतरराष्ट्रीय जी.एच.एस. पद्धत बघा, तिथेही पहिली रेघ २३ वरच, मग ६०, मग ९३. याला मी तरी योगायोग म्हणणार नाही. भोसरीतल्या गोदामात आज एखादा ड्रम जास्त धोक्याच्या वर्गात जातो तो लंडनच्या स्वयंपाकघरांतले दिवे फुटू नयेत म्हणून केलेल्या एका तडजोडीच्या आकड्यावरून, आणि लंडनच्या हवेत २३ अंश म्हणजे उन्हाळा. आपल्याकडे ती डिसेंबरची दुपारसुद्धा नाही.

आपल्याकडे रॉकेलला भारतीय मानकाने किमान ३५ अंश सांगितलेत, एबलच्याच भांड्यात. डिझेललाही किमान ३५. युरोपात डिझेलची अट ५५ च्या वरची आहे. नागपूरचा पारा मे महिन्यात पंचेचाळीसला टेकतो, तेव्हा नेमकं किमान मापाचं डिझेल आपल्या फ्लॅशच्या वर आरामात बसलेलं असतं. रॉकेलच्या पंपाच्या स्टोव्हचे भडके व्हायचे, खरंच व्हायचे. पण त्या काळच्या वर्तमानपत्रांत ते भडके नेमके नव्या सुनांच्याच अंगावर का उडायचे, हे आमच्या भांड्यात कधी दिसलं नाही.

तर ६० ची रेघ. माझ्या नोकरीतली निम्मी भांडणं या रेघेवरची. साठ किंवा त्याखाली फ्लॅश असला तर तो द्रव वाहतुकीसाठी वर्ग ३, ज्वालाग्राही. लाल लेबल, अपघात झाला तर काय करायचं ते सांगणारं ट्रेम कार्ड, धोकादायक मालाचं प्रशिक्षण घेतलेला ड्रायव्हर, जहाजावर वेगळी जागा, विम्याचा वेगळा दर. साठच्या वर गेला की यांतलं बरंचसं गळून पडतं. एक गृहस्थ यंत्रांचे भाग धुण्याचं सॉल्व्हंट घेऊन आले. शीतपेयाच्या प्लास्टिकच्या बाटलीत. प्लास्टिकच्या भिंतीतूनही हलका भाग हळूहळू निसटतो, म्हणून धातूच्या डब्यात किंवा काचेच्या बाटलीत आणा असं आम्ही फलकावर लिहून ठेवलं होतं; तो फलक नमुना आणणाऱ्यांना दिसत नाही, हे आम्हाला ठाऊक होतं. निकाल आला ५८.

“मॅडम, दोन डिग्रीचं काय घेऊन बसलात? आमच्याकडे बासष्ट येतो.”

“इथे अठ्ठावन्न आला.”

“तुमच्या मशीनला कमी पडत असेल.”

त्यांचं म्हणणं तसं अगदीच टाकाऊ नव्हतं, आणि दुखणं तेच होतं. साठच्या आसपास एकाच माणसाने एकाच उपकरणावर दोनदा चाचणी केली तर पावणेदोन अंशांचा फरक मानकाला मान्य आहे. दोन वेगळ्या प्रयोगशाळांत तर सव्वाचार अंशांपर्यंत. त्यांचे बासष्ट आणि आमचे अठ्ठावन्न, दोन्ही प्रामाणिक असू शकतात. पण रेघेला जाडी नसते. रेघेच्या इकडे लाल लेबल, तिकडे साधा ड्रम, आणि मधे सव्वाचार अंशांचं धुकं. मी त्यांना एवढं सगळं सांगितलं आणि म्हटलं, की अशा वेळी शहाणा माणूस खालचा आकडा धरतो. ते बराच वेळ थर्मामीटरकडे बघत राहिले. मग म्हणाले, “दुसऱ्या लॅबचा रेट काय असतो?”

आणखी एक गंमत पुणेकरांना सांगितली की ते खूश होतात. हवेचा दाब कमी असला की वाफ लवकर साठते, म्हणून उंचावरच्या गावात फ्लॅश खालचा दिसतो. मुंबईत समुद्राच्या पातळीवर काही दुरुस्ती लागत नाही. पुणे साडेपाचशे मीटरवर. इथे दाब ९५ किलोपास्कलच्या आसपास, त्यामुळे निकालात दीड अंश वाढवून लिहावे लागतात. महाबळेश्वरला कुणी प्रयोगशाळा काढली तर पावणेचार. एकूण काय, तोच द्रव मुंबईपेक्षा पुण्यात लवकर भडकतो. माणसांचाही फ्लॅश पॉइंट असतो, अमक्याचा कमी, तमक्याचा जास्त, वगैरे लिहायचा मोह मी एवढा वेळ आवरला होता. आता पुण्याच्या बाबतीत शास्त्रच बोललं, माझा नाइलाज आहे.

घरातही हे पितळी भांडं आपल्याला न सांगता येऊन गेलेलं असतं. सोयाबीनसारख्या बियांतलं तेल बऱ्याचदा हेक्झेन वापरून काढतात आणि नंतर हेक्झेन उडवून लावतात. हेक्झेनचा फ्लॅश शून्याखाली वीसच्याही पलीकडे, शुद्ध खाद्यतेलाचा तीनशेच्या घरात. हेक्झेनचा किंचितसा अंश मागे राहिला तरी तेलाचा फ्लॅश धाडकन खाली येतो. म्हणून अन्नसुरक्षेच्या नियमांत सॉल्व्हंटने काढलेल्या तेलाला पेन्स्की-मार्टेन्सच्या झाकलेल्या भांड्यात किमान २५० अंशांची अट आहे. दिवाळीची चकली ज्या तेलात पडते त्यालाही कुठेतरी कुणीतरी साबुदाण्याएवढी ज्योत दाखवलेली असते. आणि ज्यांना चकलीबरोबर आणखी काही लागतं त्यांच्यासाठी: शुद्ध अल्कोहोलचा फ्लॅश १३ अंश, चाळीस टक्क्यांच्या रमचा किंवा ब्रँडीचा साधारण २६. थंड देशातले आचारी पुडिंगवर ब्रँडी पेटवण्याआधी ती चमच्यात गरम करून घेतात, ती चव वाढावी म्हणून नव्हे. मुंबईत हे कष्ट वाचतात. घरी प्रयोग करू नये हे सांगायला हवंच, नाहीतर उद्या कुणी पुतण्या माझं नाव सांगेल.

मला सगळ्यात त्रास दिला तो डायक्लोरोमिथेनने. रंग काढण्याच्या द्रवांत ते पुष्कळ असायचं. मानक भांड्यात कितीही तापवा, कितीदाही ज्योत दाखवा, फ्लॅश येतच नाही. अहवालात लिहायचं, ‘फ्लॅश पॉइंट आढळला नाही.’ गिऱ्हाईक आनंदाने घरी जातं आणि लेबलवर छापतं की हे पेटत नाही. पण हवेतल्या त्याच्या वाफेला ज्वलनाच्या मर्यादा आहेत. पुरेशी जोरदार ठिणगी मिळाली तर ती वाफ पेटू शकते. भांड्याच्या छोट्या ज्योतीला ते जमत नाही, एवढंच. मी अहवालाखाली तसं एक वाक्य घालत असे. वरून विचारणा यायची, की गिऱ्हाइकाने विचारलेलं नसताना हे वाक्य कशाला? मी ते घालतच राहिले, आणि सहीच्या इतकं जवळ, की कात्रीने काढलं तर सहीही जावी.

मी निवृत्त व्हायच्या सुमारास स्वयंचलित यंत्र आलं. ज्योत तेच दाखवतं, ढवळतं तेच, भपका आला की आतला संवेदक ओळखतो. हवेच्या दाबाची दुरुस्तीही आपणच करून निकाल छापतं. निळ्या वलयाला फसत नाही. पंखा मात्र त्यालाही बंदच लागतो. मामांनी दोन दिवस त्याच्याकडे पाठ करून जेवण केलं. तिसऱ्या दिवशी नव्या मुलीने नमुना भरला, झाकण बसवलं, बटण दाबलं, आणि पडद्यावर यंत्राने पहिलाच प्रश्न विचारला: अपेक्षित फ्लॅश पॉइंट किती?

“मॅडम, काय टाकू?”

मी काही बोलायच्या आत मामा उठून यंत्राजवळ आले, बाटलीचं झाकण उघडून लांबून वास घेतला, आणि म्हणाले, “पंचेचाळीस टाक.”

आला ४६.५.